कन्सल्टिंग फर्म स्वतःला 'नेट झिरो' म्हणवते, खरं-खोटं कसं ओळखायचं?

काजूबोंडू
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमची काजूची छोटी फॅक्टरी आहे, बाबा आणि काका बघतात, हिशोब आणि ईमेल माझ्याकडे. आमचं मुंबईचं एक मोठं गिऱ्हाईक पुढे माल बाहेर पाठवतं, त्यांनी यंदा ऑर्डरसोबत भलीमोठी प्रश्नावली धाडलीय. वीज किती, डिझेल किती, पाणी किती, कटिंगच्या बायकांना हातमोजे देता का, पर्यावरण धोरण लिहिलेलं आहे का... बाबा म्हणाले एवढी चौकशी तर माझं लग्न ठरवताना पण कोणी केली नव्हती.

तर ही प्रश्नावली निस्तरायला कोणाच्या तरी ओळखीने मुंबईची एक कन्सल्टिंग फर्म आली. दोघंजण, मोठी गाडी घेऊन मुंबईहून थेट, तासभर बसले आणि परत. प्रेझेंटेशनमधला अर्धा भाग त्यांचा स्वतःचाच, 'शाश्वत व्यवसायाशी आमची बांधिलकी', झाडं लावतानाचे फोटो, ऑफिसात प्लास्टिकबंदी, 'आम्ही नेट झिरो फर्म आहोत' (म्हणजे म्हणे हवेत सोडलेल्या आणि निस्तरलेल्या कार्बनची वजाबाकी शून्य) वगैरे. आणि आमच्या टेबलावर ठेवलेले फोल्डर चकचकीत लॅमिनेशनवाले, आत पानं एकाच बाजूला छापलेली. काकाने तांब्या-भांडं पुढे केलं तर हे गाडीतून प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आले. काका मला आत बोलवून म्हणतो, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

कोटेशन पावणेचार लाख. वर हे पण सांगून गेले की युरोपचा सीबॅम टॅक्स येतोय, आत्ता तयारी केली नाहीत तर तुमचा माल अडकेल. मला यातलं फार कळत नाही. त्यांच्या बांधिलकीत दम आहे की नुसतं ब्रोशर आहे हे आपल्यासारख्याने कसं तपासायचं? आणि हे काम खरंच एवढ्याचं असतं का?

खाडीकाठ
आधी सीबॅमचं, कारण ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तो म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बनवर युरोप आयातीच्या वेळी लावतो तो कर, आणि तो लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर आहे. काजूगराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. युरोपचा दुसरा तो जंगलतोडीचा कायदा आहे त्यात पण गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोया आणि लाकूड, काजू नाही. म्हणजे एकतर यांना माहीत नाही किंवा माहीत असून घाबरवतायत, दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट ते तूच ठरव.

मी मुंबईत अशाच एका फर्ममध्ये बरीच वर्षं काढली, आता गुहागरला घरी बसून फ्रीलान्स करतो, त्यामुळे आतलं सांगतो. कन्सल्टिंग फर्मला ना चिमणी ना बॉयलर. ऑफिसचं लाईटबिल, एसी, जनरेटर हे स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन वगैरे) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज) मध्ये येतं आणि ते एकूणात किरकोळ असतं. खरा आकडा स्कोप ३ मध्ये, म्हणजे आपल्या धंद्यामुळे दुसरीकडे होणारं उत्सर्जन, विमानप्रवास, टॅक्सी, हॉटेलं, लोकांचं रोजचं येणं-जाणं, विकत घेतलेल्या सेवा, लॅपटॉप. स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत आणि बऱ्याच फर्मा स्कोप १-२ मोजून, तेवढ्याची कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने वाचवलेला कार्बन पैसे देऊन आपल्या नावावर) घेऊन 'नेट झिरो' छापून मोकळ्या होतात. याला फार तर कार्बन न्यूट्रल म्हणा, आणि ते पण अर्ध्याच हिशोबाचं. एसबीटीआय म्हणून कंपन्यांची कार्बन टार्गेट तपासणारी संस्था आहे, तिचं जे नेट झिरोचं स्टँडर्ड आहे (२०२१ चं) त्यात आधी स्वतःचं उत्सर्जन ९० टक्क्यांच्या आसपास कमी करायचं आणि मग उरलेलं निस्तरायचं असा क्रम आहे. त्यांच्या वेबसाइटवर कंपन्यांची यादी आहे, फर्मचं नाव टाकून बघ. नुसतं 'कमिटेड' लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नको, टार्गेट तपासून मंजूर झालेलं वेगळं असतं. २०२४ मध्ये दिलेल्या मुदतीत टार्गेट न दिल्यामुळे दोनशेहून जास्त कंपन्यांपुढे कमिटमेंट काढून टाकल्याचा शेरा बसला, त्यात भलीभली नावं होती. छोटी फर्म यादीत नसली म्हणून लगेच लबाड ठरत नाही हे पण आहे.

आता त्यांना विचारायचं ते विचार. तुमचं बेस इयर, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करता ते, कुठलं, त्या वर्षी किती टन होतं आणि मागच्या वर्षी किती? प्रवासाचा आकडा वेगळा दाखवा. आमच्याकडे येताना गाडी का आणलीत? कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग २०२२ मध्येच विजेवर आलाय, कोकणकन्या कुडाळला थांबते, प्रवासाचं धोरण लिहिलेलं आहे की ज्याला जसं वाटेल तसं? इकोव्हाडिसचं (कंपन्यांना पर्यावरण वगैरेवर गुण देणारी संस्था) मेडल दाखवत असतील तर स्कोअरकार्डची तारीख बघ, ते १२ महिनेच चालतं.

आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न म्हणजे गिऱ्हाईकं. फर्म स्वतः कितीही कागद वाचवू दे, तिचा खरा परिणाम ती कोणाला काय सल्ला देते त्यात आहे. २०२१ मध्ये मॅकिन्सी या बड्या कन्सल्टिंग कंपनीच्या ११०० च्या वर कर्मचाऱ्यांनी स्वतःच्याच कंपनीला पत्र लिहिलेलं, मोठ्या प्रदूषण करणाऱ्या गिऱ्हाईकांबद्दल, आपल्या गिऱ्हाईकांचं उत्सर्जन जाहीर करा म्हणून. तेव्हा विचार, एखादं काम तुम्ही कधी नाकारलंय का आणि का. नाव नको सांगू दे, किस्सा तरी सांगता आला पाहिजे.

मालवणी_खाजा
मी सांगतंय ता आयक. पावणेचार लाख देव नको. तेंका म्हण आधी तुमचा वरसभराचा लाईटबिल नि गाडयेचा डिझेल लिवन दाखवा, मगे आमचा इचारा. नाय दाखवल्यानी तर इषय संपलो.

वेंगुर्लासात
आमची पण काजूचीच फॅक्टरी आहे, सावंतवाडीकडे, तर धंद्यातलं सांगतो. ती प्रश्नावली बघून घाबरू नको, निम्मी उत्तरं तुझ्या फायलीत आधीच पडलेली आहेत. महावितरणची १२ बिलं काढ, युनिटची बेरीज कर, एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड (सीओटू) धर (सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ॲथॉरिटी दरवर्षी आकडा काढते, चालू वर्षाचा बघून घे). जनरेटर आणि टेम्पोचं डिझेल, लिटरमागे २.६८ किलो. झाला तुझा मोठा हिशोब, एका दुपारचं काम आहे.

खरी गोम टरफलांत आहे. बॉयलरला टरफलं जाळत असाल ना? तो काळा चिकट धूर, वाऱ्याची दिशा फिरली की शेजारच्या वाडीतून फोन येतोच. कन्सल्टंटला विचार की टरफलं जाळल्याचा कार्बन कुठे धरणार. झाडापासून आलेला म्हणून तो सीओटू स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवायचा असतो, पण जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड मात्र स्कोप १ मध्ये येतात. हे न अडखळता सांगितलं तर माणूस कामाचा. 'बायोमास आहे म्हणजे शून्य' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव. आम्ही टरफलं तेलवाल्यांना विकतो आणि तेल काढून उरलेला चोथा जळणाला परत आणतो, धूर पुष्कळ कमी झाला. बाहेरून आफ्रिकेचा कच्चा काजू घेत असाल तर तो पण स्कोप ३ आहे हं, तो विसरतात सगळे.

आणि खर्चाचं म्हणशील तर आधी झेड सर्टिफिकेटचं बघ, छोट्या-मध्यम उद्योगांच्या दर्जा आणि पर्यावरणासाठी केंद्राची योजना आहे, उद्यम नोंदणी असली की झालं. फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी, छोट्याला ६०, मध्यमला ५०, आणि मालक बाई असेल तर पूर्ण माफ. गिऱ्हाईकाला दाखवायला हातात एक कागद तरी येतो. धुण्याचं पाणी कुठे जातं, कटिंगच्या बायकांच्या हातांना तेल लागून साल जाते त्यावर काय करता, हे तू जेवढं खरं लिहिशील तेवढं कन्सल्टंट लिहिणार नाही.

पूररेषा
सगळेच कन्सल्टंटला झोडपताय म्हणून लिहितो. माझं चिपळूणला दुकान आणि गोडाऊन, २०२१ च्या जुलैत पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. नंतर एका छोट्या फर्मने मला स्टॉक कुठे ठेवायचा, विमा कसा करायचा, वायरिंग किती उंचीवर घ्यायचं हे सगळं बसून सांगितलं आणि त्यांच्याकडे ना मेडल ना नेट झिरो. तीन-चार माणसांच्या फर्मला एसबीटीआय आणि स्कोप ३ विचारत बसलात तर चांगली माणसं पळतील आणि ज्यांच्याकडे ब्रोशर छापायला पैसे आहेत तेच उरतील.

खाडीकाठ
@पूररेषा मान्य, पण तुमच्या त्या फर्मने स्वतःला नेट झिरो म्हटलं नव्हतं ना? मग कशाला विचारायचं. जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा एवढंच. आणि आता हा नुसता सभ्यतेचा प्रश्न पण राहिला नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या-फसव्या दाव्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्यात, पर्यावरणाचा दावा केला तर तो कशावर आधारलाय ते दाखवता आलं पाहिजे, मोघम 'ग्रीन', 'इको फ्रेंडली' चालत नाही. वस्तूंना आहेत तशाच त्या सेवांना पण लागू आहेत.

काजूबोंडू
सगळ्यांचे आभार. काल त्यांना मेल टाकला, बेस इयर, प्रवासाचा आकडा, टरफलांचा कार्बन आणि सीबॅम, चारच प्रश्न. आज फोन आला. सीबॅमचं म्हणाले 'जनरल अवेअरनेससाठी' सांगितलं होतं. प्रवासाचा आकडा म्हणे 'इंटर्नल' आहे. नेट झिरो म्हणजे २०४० चं टार्गेट आहे म्हणाले, आज नाही. मग ब्रोशरवर 'आहोत' का लिहिलंय विचारलं तर डिझाईनवाल्याकडून राहिलं. टरफलांचं मात्र त्यातल्या ज्युनियर मुलीने बरोबर सांगितलं, अगदी @वेंगुर्लासात दादांनी लिहिलंय तसं, ती मूळची राजापूरची निघाली.

आता बाबा म्हणतायत बिलांची बेरीज आपणच करू आणि त्या मुलीला दोन दिवस यायला सांगू, ट्रेनने, तेवढ्याचे पैसे देऊ. सुधारित कोटेशन मागवलंय, साठ हजार म्हणतायत.

वेंगुर्लासात
साठमध्ये जीएसटी धरलाय का विचार. १८ टक्के वरून लावतील. आणि धुण्याचं पाणी मोजायला मीटर नसेल तर ती यायच्या आधी बसवून घे, नाहीतर दोन दिवस बादल्या मोजण्यात जातील.