बंदी कशावर होती ते आधी बघा

"अमेरिकेने जाळीवर बंदी घातली, म्हणजे पट्टीचं ऑपरेशन नकोच" असं बायकांच्या लघवी गळण्यावरच्या ऑपरेशनच्या या चर्चेत वर कोणी म्हटलंय, ते अर्धंच खरं. २०१९ मध्ये तिथे थांबवली ती अंग बाहेर येण्यावर (गर्भाशय, मूत्राशय खाली उतरतं त्यावर) योनीमार्गे बसवायची कृत्रिम धाग्यांची जाळी. खोकताना-शिंकताना लघवी सुटते त्यावर मूत्रमार्गाखाली बसवतात ती जाळीचीच अरुंद पट्टी तिथे चालूच राहिली. इंग्लंडने मात्र २०१८ मध्ये पट्टीलाही स्थगिती दिली होती.

पट्टी योनीत उघडी पडणं, जांघेत दुखणं यावर सगळे बोललेत, लघवी अडकण्याचं कोणी काढलं नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं नि त्या लगेच देवगडला परतल्या. गळणं थांबलं म्हणून घरात सगळे खूश. पण धार बारीक, पुढे वाकल्याशिवाय होईना, वर सारखा जंतुसंसर्ग. दर वेळी अँटिबायोटिक आणि "पाणी भरपूर प्या". (आंब्याच्या हंगामात दिवसभर बागेत असलेल्या बाईने पाणी पिऊन जायचं कुठे, हे कोण विचारतो!) शेवटी लघवी करून आल्याआल्या सोनोग्राफी केली, तेव्हा मूत्राशयात बरीच शिल्लक निघाली. पट्टी घट्ट बसली होती, ती कापावी लागली. आता थोडं गळतं, पण त्या म्हणतात हे परवडलं. ऑपरेशन झाल्यावर घाट उतरून गावी परतण्याआधी ही शिल्लक लघवी मोजून घ्याच.