मदत हवी आहे : 1880 नंतर स्नेपच्या माल्ट कारखान्यात काय बदललं?

न्यूसन गॅरेट (1812–1893) यांनी 1841 मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या स्नेप इथला धान्य-कोळशाचा व्यापार विकत घेतला आणि पुढे तिथेच माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेली बार्ली) बनवण्याचा कारखाना उभारला. ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक, एलिझाबेथ गॅरेट अँडरसनचे वडील, एवढीच ओळख त्यांच्यावर अन्याय करते, म्हणून लेख लिहितोय.

माल्ट करण्यासाठी बार्ली दोन-तीन दिवस भिजवायची, फरशीवर पसरून मोड येईपर्यंत लाकडी फावड्यांनी उलटायची, मग भट्टीत वाळवायची. उलटायला उशीर झाला की मुळं गुंततात, थर तापतो, बुरशी धरते. माल्टवर सरकारी कर होता तोवर भिजलेलं धान्य कराच्या मोजणीसाठी चौकटीत ठेवावं लागे, फरशीवर पाणी शिंपडण्यावरही निर्बंध होते.

1880 मध्ये कर गेल्यावर स्नेपमध्ये भिजवणीचे तास आणि शिंपडणं नेमकं कसं बदललं? तिथल्या हिशेबवह्या कुणी पाहिल्या असतील तर कृपया सांगा.