मदत हवी आहे: वापरलेला 'सिव्हिलायझेशन ५' भाच्याला कायमचा कसा देऊ?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 'सिव्हिलायझेशन ५' ह्या कॉम्प्युटर गेमची (इतिहासातला देश निवडून एकेका टर्नने राज्य वाढवायचं) डीव्हीडी आहे, अगदी खोक्यासकट. २०१० साली गेम आला तेव्हा नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली. आता घर आणि ऑफिस सांभाळून रात्री दीड वाजेपर्यंत 'अजून एकच टर्न' करत बसणं होत नाही. भाच्याची यंदा दहावी झाली. त्याला इतिहासाचा भारी नाद. मागच्या सुट्टीत आमच्याकडे भारत घेऊन खेळला (त्यात भारताचे नेते गांधीजी आहेत) आणि पुढचे चार दिवस मला रोमबद्दल प्रश्न विचारत होता. तेव्हाच ठरवलं, हा गेम ह्याचा. त्याचा लॅपटॉप जुना आहे, पण ह्या गेमला किमान २ जीबी रॅम पुरते, म्हणून ह्या मालिकेतला नवा गेम न घेता हाच द्यायचा आहे.

अडचण अशी की हा गेम स्टीमशिवाय (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान) चालत नाही. खोक्यातला कोड (प्रॉडक्ट की) मी तेव्हाच माझ्या स्टीम खात्यात टाकला, आणि एकदा एका खात्यात गेलेला कोड दुसऱ्या खात्यात घेतला जात नाही. म्हणजे डीव्हीडी दिली तरी पोराच्या हातात नुसती तबकडी. हॉस्टेलला असताना आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स २' ची सीडी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरवायचो. सीडी दिली की गेम दिला, इतकं सोपं होतं. इथेही तसंच असेल असं मी धरून चाललो होतो.

खातंच त्याच्या नावावर करावं म्हटलं, तर स्टीमच्या करारात त्याला मनाई आहे. एकच गेम वेगळा काढून देण्याचीही सोय नाही. कोर्टकचेऱ्यांचंही थोडं वाचलं. 'हाफ-लाइफ २' ह्या गेमच्या खटल्यात जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१० मध्येच स्टीमच्या कंपनीची खातं दुसऱ्याला न देण्याची अट मान्य केली होती. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राहक संघटनेच्या बाजूने, म्हणजे गेम पुन्हा विकता यावेत असा निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. थोडक्यात, मी विकत घेतला म्हणतो तो खेळायचा परवाना आहे, आणि तो माझ्या खात्यापुरता आहे.

राहिलं स्टीम फॅमिलीज. २०२४ मध्ये आलेल्या ह्या सोयीत सहा जणांना एकमेकांचे गेम खेळता येतात, पण ती एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे. भाचा सांगलीला, आम्ही पुण्यात. जूनमध्ये मात्र तो अकरावीसाठी आमच्याकडेच राहायला येतोय, तेव्हा ती अट पाळली जाईल. पण दोन वर्षांनी तो बाहेर पडला की गेम त्याच्याकडून गेला. मला उसना द्यायचा नाही हो, त्याचा स्वतःचा व्हायला हवा.

कोणी आपल्या घरात हे केलंय का? काय केलंत?

प्रतिसाद:

दादा, दोन्ही करा. तो राहायला आला की फॅमिलीत घ्या, पण आधी नीट विचार करून. त्यानंतर बाहेर पडला तर त्याची जागा वर्षभर अडकून राहते. आणि तुमच्या प्रतीवर खेळताना त्याने चीटिंग केलं तर त्या गेममध्ये बंदी तुमच्या खात्यालाही लागू शकते, हे त्याला आधीच समजावून सांगा. आमच्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कायमचं द्यायचं असेल तर सेलमध्ये नवी प्रत घेऊन भेट पाठवणं हाच सरळ रस्ता. भेट पाठवण्यासाठी त्याला स्टीमवर फ्रेंड करावं लागेल; त्याचं खातं नवं असेल तर फ्रेंड रिक्वेस्ट तुम्ही पाठवा. पैसे खर्च न केलेल्या खात्यातून ती जात नाही. नुसता मूळ गेम घेऊ नका. 'गॉड्स अँड किंग्ज' आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ह्या विस्तारांसकट घ्या, त्यांच्याशिवाय धर्म आणि व्यापारी मार्ग मिळत नाहीत. लॅपटॉपवर चालला नाही तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर परतावा मागता येतो. गेम त्याच्या खात्यात गेला असेल तर मागणी त्यानेच करायची.

धागाकर्ता:

मनापासून आभार. दोन तासांचं माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याला मोठा नकाशा लावून लॅपटॉप तपासायला सांगतो. विस्तारांसकट प्रत सेलमध्ये घेतो, आणि खोकं त्याला तसंच देतो. आत माझ्या हस्ताक्षरात पहिल्या डावाच्या नोंदी आहेत, त्या त्याला वाचायच्या आहेत. फॅमिलीचं जूनमध्ये बघू. तिथे एक विचारायचं राहिलं: सोळा वर्षांच्या मुलाला 'मूल' म्हणून घ्यावं की 'प्रौढ' म्हणून? 'मूल' म्हणून घेतलं तर त्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही असं वाचलं, आणि ते मला बरं वाटत नाहीये. कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर सांगा.