कळलावीची वेल बियांपासून रुजवलीय का कुणी? (कोथरूड, गच्ची)

गच्चीवरची: दिवाळीत मावळातल्या आमच्या बांधावरून कळलावीचं पिकलेलं बोंड आणलं. आत लालभडक पंधरा बिया. आल्या आल्या कुंडीत टोचल्या, रोज पाणी घातलं. आषाढ लागला तरी हूं की चूं नाही. त्यात सासूबाई म्हणतात, नावातच कळ, घरात भांडणं लावेल. काय करू?

मुरमाड: घाई झाली तुमची. ताजं बी उगवत नाही, सहा ते नऊ महिने झोपून काढतं. वरचा लाल गर चोळून काढायचा, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं. मेअखेर रात्रभर कोमट पाण्यात भिजवून निचऱ्याच्या मातीत बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल लावायचं. माझ्या 20 पैकी 7 आल्या. पहिली 26व्या दिवशी, शेवटची गणपती उठल्यावर.

पहिल्या वर्षी गवतासारखी एक काडी येते नि दसरा-दिवाळीला पिवळी पडते. मेली समजून मी एक कुंडी उपडी केली, तर हरभऱ्याएवढा पांढरा कंद निघाला आणि हातातच मोडला. कोंब फुटायचा डोळा कंदाच्या टोकाला असतो, तो गेला की संपलं. आता मार्करने कुंड्यांवर 'झोपलेय' लिहून ठेवतो. पाणी पावसाळ्यापर्यंत बंद. फुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

अंजनीसुत: फुलं लवकर हवीत तर नर्सरीतून कंद घ्या. सिंहगडावरून मात्र उपटू नका, औषधासाठी खणून खणून आधीच कमी झालीय. आणि सगळं झाड विषारी, कंद सगळ्यात जास्त (कोल्चिसिन नावाचं विष असतं). दिसायला रताळ्याच्या जातीचा, म्हणून लहान मुलं, कुत्री असतील तर जपा. हातमोजे घाला.

मुरमाड: हो, ते राहिलंच. आधाराला पाइप नको, पानांची टोकं धाग्यासारखी गुंडाळून वर चढते. जाड वस्तूला पकड बसत नाही. तुरीच्या काट्या किंवा जाळी उत्तम.

गच्चीवरची: आगकाडीने हळूच उकरून पाहिलं. अकरा बिया मऊ होऊन गेल्यात, चार टणक, एकीला तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब! पाणी कमी केलंय. सासूबाईंनी परवानगी दिली, कुंडी टाकीपाशी, शेजाऱ्यांच्या बाजूला ठेवायच्या अटीवर.