गोड-खारट, गोड-खारं की कंदी? बेकनच्या पाककृतीत अडलेला शब्द

कासपठार
नणंदेसाठी एका पाककृतीचं मराठी करतेय आणि मथळ्यातच अडले आहे. ती साताऱ्यात शाहूपुरीत घरच्या घरी बेकिंगच्या ऑर्डरी घेते. पाचगणी-महाबळेश्वरला येणाऱ्या लोकांकडून तिला अधूनमधून 'कँडीड बेकन'ची मागणी येते. पदार्थ अमेरिकेकडचा. सोबत द्यायला तिला मराठीत एक पानभर माहिती हवी आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे आणि मांसाचे थर असलेलं मांस. ते मिठात मुरवतात, बहुतेक वेळा धुरावर धरतात आणि त्याच्या लांब पट्ट्या कापतात. त्या पट्ट्यांना ब्राऊन शुगर, मिरपूड आणि थोडं लाल तिखट चोळायचं. चारपाचशे ग्रॅमला अर्धी वाटी साखर पुरते. ट्रेमध्ये फॉइल, त्यावर जाळी, जाळीवर पट्ट्या. ओव्हन १८० अंशांवर, पंचवीस-तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. बाहेर काढल्यावर मऊच असतात, गार होताना कडक होतात. टिश्यूपेपरवर ठेवल्या तर चिकटून बसतात, म्हणून बटरपेपर घ्यायचा.

मी मथळा लिहिला, 'गोड-खारट बेकन'. सासूबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अगं, खारट झालंय हे तुम्हीच लिहून देताय होय?" त्यांनी बेकन कधी खाल्लेलं नाही, पण त्यांचं बरोबर आहे असं मला वाटायला लागलंय. 'खारट' हा शब्द इथे चालतो का? आणि 'कँडीड'ला काय म्हणायचं?

मेणवली
सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. भाजी खारट होते, आमटी खारट होते, समुद्राचं पाणी खारट असतं. 'खारट'मध्ये मीठ नको इतकं आहे. दाणे मात्र खारे असतात, खारट नव्हेत. बिस्किटं खारी. दाण्याच्या पुडीवर कुणी 'खारट दाणे' छापल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. हा फरक आपण बोलताना कधी चुकत नाही, लिहायला बसलो की चुकतो, कारण तेव्हा समोर इंग्रजी शब्द असतो.

गुऱ्हाळ
मास्तरांशी सहमत. तुरट, आंबट, पोरकट, मळकट यांतला 'ट' बघा. आंबट चांगलाही असतो, पण मळकट-पोरकटमध्ये नापसंती आहेच. 'खारट' त्या रांगेतला.

हरिपूर
'ट'वर एवढं ओझं टाकू नका. तुरट आणि आंबट या साध्या चवी आहेत, त्यांत नापसंती कुठे आहे? 'खारट'ला वाईट अर्थ आला तो आपल्या वापराने, प्रत्ययाने नव्हे.

गुऱ्हाळ
मग 'खारा' चांगला आणि 'खारट' वाईट हे वाटप कशाने झालं, ते सांगा की.

कासपठार
म्हणजे 'गोड-खारं बेकन' लिहू का?

माणदेशी
ताई, जरा थांबा. आमच्या भागात 'गोडं' आणि 'खारं' एका ताटात येत नाहीत. जत्रेला पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, म्हणजे पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा नैवेद्य, म्हणजे बकरं. पाव्हणा निरोप विचारतो, "गोडी जत्रा कधी आणि खारी कधी?" त्यावर तो यायचा दिवस ठरवतो. इथे खारं म्हणजे मिठाचं नव्हे, मटणाचं. 'गोड-खारं बेकन' वाचून माझी आई विचारेल, हे शाकाहारी आहे का मांसाहारी?

कासपठार
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं माहेर पुण्याचं. लग्नानंतर पहिल्या जत्रेला "उद्या खारं आहे" असं ऐकलं तेव्हा मी खारी बिस्किटं आणायला निघाले होते, ते आत्ता आठवलं.

मेणवली
जेवणातलं खारं आणि चवीतलं खारं असे दोन अर्थ शेजारी नांदतात आणि संदर्भाने कळतात. तेवढ्यासाठी शब्द टाकू नये. माझी हरकत 'बेकन' या शब्दाला आहे. आपल्याकडे 'खारवणे' आहे, 'मुरवणे' आहे, 'पाक' आहे. 'खारवलेलं डुकराचं मांस, साखरेचा पाक चढवून' हे कुणाला कळणार नाही? मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईत उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. शास्त्रांची परिभाषा मराठीत आणायला लोकांनी आयुष्यं घातली. आणि आपण एका मांसाच्या पट्टीपुढे हात टेकायचे?

पाचगणी
माझे वडील पाचगणीत एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. रविवारी नाश्त्याला बेकन-अंडी असायची. वडील जेमतेम चौथी शिकलेले, पण 'बेकन' म्हणायला त्यांना कधी जड गेलं नाही. घरी येऊन सांगायचे, "आज बेकन करपलं." 'खारवलेलं डुकराचं मांस करपलं' असं ते म्हणाले असते तर आईला वाटलं असतं, काहीतरी मोठं नुकसान झालं. बटाटा आणि पाव पोर्तुगीजांकडून आले, पगारही त्यांच्याचकडून. पगाराला आपण कधी दुसरा शब्द शोधत नाही.

मेणवली
बटाटा आला तेव्हा ती वस्तूच इथे नव्हती. डुक्कर होतं, मीठ होतं, धूर होता.

पाचगणी
पण ती वस्तू होती का? नुसतं मीठ लावलेलं डुक्कर म्हणजे बेकन नाही. मिठाबरोबर साखर असते, रंग गुलाबी राहावा म्हणून नायट्राइट असतं, दिवसचे दिवस थंड जागी ठेवणं असतं. त्या सगळ्या कृतीचं नाव बेकन आहे. आणि इंग्रजीतही शब्द मुळात पाठीच्या मांसाचा आहे, 'बॅक'शी त्याचं नातं. अमेरिकेत आज ते पोटाच्या मांसाचं करतात, तरी नाव तेच ठेवलंय.

माणदेशी
मेणवली सर, डुक्कर होतं, मीठ होतं म्हणालात म्हणून लिहितो. शब्दही होता. तुमच्या घरात नव्हता, आमच्या होता.

माझी आजी मांसाच्या लांब लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावायची आणि वळचणीला दोरीवर वाळत घालायची. त्याला आम्ही चान्या म्हणायचो. मांस एकदम मिळायचं आणि मग कित्येक दिवस मिळायचं नाही, म्हणून ही साठवण. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर. आमच्या चान्या बैलाच्या असायच्या. डुकराचं असेल तेव्हा 'डुकराचं मटण' म्हणायचो, ते ताजंच शिजायचं. शाळेत मी चान्या हा शब्द एकदाच उच्चारला, पाचवीत. त्यानंतर दहावीपर्यंत नाही.

मराठीत शब्द नाही असं कुणी म्हणतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या मराठीत?

मेणवली
मला हा शब्द माहीत नव्हता. चाळीस वर्षं मराठी शिकवलं. वहीत टिपून घेतला आहे. लिहिताना चान्या की चाण्या?

माणदेशी
आजी 'न' म्हणायची. इतरांकडून 'ण'ही ऐकलाय.

हरिपूर
शब्द अस्सल आहे, पण बेकनला लागू पडेल असं वाटत नाही. चान्या उन्हात वाळून कडक होतात. बेकनमध्ये चरबी आणि ओल हवी, नाहीतर ओव्हनमध्ये चरबी सुटणार कशी? पट्टी स्वतःच्याच चरबीत भाजली जाते आणि वर साखर वितळून बसते.

आता 'कँडीड'कडे या, कारण मला सांगायचं आहे ते तिथेच. साताऱ्याच्या माणसाने कँडीडला शब्द शोधत फिरावं याचं नवल वाटतं. कंदी पेढा आहे ना तुमच्याकडे! इंग्रजी कँडी आली जुन्या फ्रेंचमधून, तिथे अरबीतल्या 'कंदी'वरून, ती फारसी 'कंद'वरून. कंद म्हणजे साखर. आणि फारसी कंदाच्या मागे बहुधा आपला 'खंड' उभा आहे, साखरेचा खडा. आपली खांड तीच. गुलकंदातला कंद हाच, गुलाब आणि साखर. कलाकंदातला हाच. सुरणाच्या कंदाशी याचा संबंध नाही. 'कंदी बेकन' लिहा. शब्द घरून निघाला, इराण-अरबस्तान-फ्रान्स करून इंग्लंडला गेला, आता परत घ्या.

कासपठार
साताऱ्यात तर सगळे उलटं सांगतात. गोऱ्या साहेबाला पेढा आवडला, तो 'कँडी, कँडी' म्हणाला आणि त्याचा कंदी झाला.

हरिपूर
ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतोय. गुलकंद म्हणायला आपल्याला कुठला साहेब लागला? फारसी कंद मराठीत आधीपासून आहे. साहेबाची गरजच नाही.

गुऱ्हाळ
दोन्ही बाजू पेढ्याच्या साखरेवर भांडताय, पण कंदी पेढ्याची ओळख साखर नव्हे. मावा तांबूस होईपर्यंत भाजतात, साखर बेताची. साताऱ्यात आज 'कंदी' म्हटलं की माणसाच्या जिभेवर भाजलेला मावा येतो. पोवई नाक्यावर 'कंदी बेकन'ची पाटी लावा, पहिलं गिऱ्हाईक विचारेल यात खवा किती. शब्द कुठून आला हे एक, आज काय सांगतो हे दुसरं.

मेणवली
इथे मी हरिपूर यांच्या बाजूने आहे, आणि फारसी शब्दाच्या बाजूने मी क्वचितच असतो. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. शब्दाची कुळकथा माहीत असलेला माणूसच तो ठेवायचा की नाही हे नीट ठरवू शकतो. 'कंदी'ची कुळकथा आपल्या उसाच्या रानातून निघते. तो ठेवावा.

गुऱ्हाळ
रानातूनच निघते म्हणून सांगतो. आमचं गुऱ्हाळ कराडजवळ होतं, वडिलांच्या वेळेपर्यंत. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढतात. रस दाटला की आधी काकवी, आणखी आटवला की गूळ. काहील कधी उतरवायची ते गुळव्या सांगणार. वडील थर्मामीटर ठेवायचे, ११८ अंशांच्या आसपास उतरवायचे. गुळव्या त्याकडे बघायचाही नाही. पाण्यात थेंब टाकायचा, बोटाने गोळी वळायचा.

एकतारी, दोनतारी, गोळीबंद, एवढे शब्द आपल्याकडे पाकाच्या एकेका पायरीला आहेत. 'कँडीड' या एका शब्दाला त्यातलं काहीच सांगता येत नाही. मुरंबा कँडीड, आलेपाक कँडीड, कोहळ्याचा पेठाही कँडीड. म्हणून एकाला एक शब्द शोधू नका, पदार्थ बघा. पाकातल्या पुऱ्या म्हणतो तेव्हा पुरी पाकात बुडते आणि मऊ पडते. इथे पाकात काही बुडत नाही. साखर पट्टीवरच वितळते आणि काचेसारखी बसते. हलव्याच्या तिळाला पाक चढवतात तसं म्हणा हवं तर, पण तिथे थरावर थर चढवायचे असतात, दिवस जातो.

पाचगणी
साखरफुटाणे! फुटाण्यावर साखर. साखरभात, साखरपोळी, साखरफुटाणे, तसं साखरबेकन. जत्रेतला शब्द आहे, कुणालाही कळेल.

गुऱ्हाळ
हा मला पटला. फक्त साखरेऐवजी काकवी लावून बघा अशी ताईंना विनंती. ब्राऊन शुगरमध्ये तो रंग आणि वास येतो तो मोलॅसिसच्या अंशाने, काकवीत तो उसाचा सगळा असतो.

हरिपूर
साखरबेकनमध्ये खारं कुठे गेलं? मूळ प्रश्न दोन चवींचा होता. आमच्या सांगलीच्या भडंगात गोड, खारं, तिखट सगळं असतं आणि त्यासाठी आम्हाला जोडशब्द लागत नाही. भडंग म्हटलं की चव आली. मराठीला आंबटगोड आहे, गोड-तिखट आहे, तिखटमीठ आहे. गोड आणि मीठ यांना एकत्र बांधणारा रुळलेला शब्द मला तरी आठवत नाही. लाडवातही चिमूटभर मीठ घालतो, पण त्याचं नाव घेत नाही.

कासपठार
काकवी लावून पाहिली. १८० अंशांवर वीस मिनिटांतच कडा काळ्या पडल्या आणि कडू लागल्या. दुसऱ्या खेपेला पट्ट्या नुसत्या मिरपूड लावून भाजल्या आणि शेवटच्या आठ मिनिटांत ब्रशने काकवी लावली. ही खेप फार छान उतरली. सासूबाईंनी खाल्लं नाही, पण वास घेऊन म्हणाल्या, "गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी उभं राहिल्यासारखं वाटतंय."

कागद उद्या छापायला द्यायचा आहे. मथळ्यात सध्या 'काकवीचं बेकन' लिहिलंय आणि खाली 'गोड आणि खारं'. मधलं 'आणि' माणदेशींच्या आईंसाठी. नणंद म्हणते 'कंदी' टाक, पाव्हण्यांना सातारा लक्षात राहील. अजून रात्र आहे, सुचवा.

मेणवली
'काकवीचं' उत्तम. 'बेकन'ला माझा विरोध नोंदवून ठेवा.

औदुंबर
धागा आत्ता वाचला. माणदेशींना एक विचारायचं आहे. आमच्याकडे पलूस भागात जत्रेला 'तिखटा नैवेद्य' म्हणतात, खारा नाही. माझ्या मिसेसच्या माहेरी, तासगावकडे, खारा म्हणतात. मधलं अंतर पाऊण तासाचंही नाही. तुमच्याकडे 'तिखटा' अजिबात ऐकू येत नाही का?

माणदेशी
येतो, पण देवीला तिखटा आणि खंडोबाला खारा असं काहीसं आहे. आईला विचारून सांगतो.

औदुंबर
खंडोबाला? आमच्या खंडोबाला वशाट चालतच नाही, भरीत-रोडगाच लागतो.