वूडस्टोव्ह आणि तेलाची ऑटोमॅटिक डिलिव्हरी

घरात वूडस्टोव्ह (लाकडं जाळून घर तापवणारी शेगडी) असताना हीटिंगच्या तेलाची ऑटोमॅटिक डिलिव्हरी, म्हणजे कंपनीनेच अंदाज बांधून न मागवता टाकी भरून जाणं, ठेवावी का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नको. तेलवाले टाकीत डोकावत नाहीत, डिग्री-डे मोजतात: ६५ फॅरनहाइटमधून दिवसाचं सरासरी तापमान वजा. सरासरी २५ असेल तर ४० डिग्री-डे. गॅलनला ५ डिग्री-डे काढणारं घर त्या दिवशी ८ गॅलन पितं. लाकडं पेटवली की जेमतेम २. कंपनी तोच २ धरून बसते आणि तुम्ही जानेवारीत तीन आठवडे पुण्याला, स्टोव्ह बंद! हिशेबात ४२ गॅलन, थर्मोस्टॅट ५५वर उतरवला तरी जातात सव्वाशेच्या आसपास. विल-कॉल (आपण फोन केला तरच डिलिव्हरी) घ्या, निघण्याआधी टाकी भरून घ्या, एरवी काटा पाव टाकीच्या वर असतानाच फोन. तेलाऐवजी प्रोपेन गॅस असेल तर टाकी ३० टक्क्यांवर आली की मागवा. गॅसची टाकी रिकामी झाली तर लीक टेस्ट (गळतीची तपासणी), तिचे पैसे वेगळे.