मदत हवी आहे: मणक्यात हिमॅन्जिओमा, बायॉप्सी करावी का?

रानवारा: आईच्या एमआरआयमध्ये मणक्यात हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) निघालाय. रिपोर्टमध्ये 'ट्यूमर' वाचल्यापासून घरात कुणाला झोप नाही. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी आहे, तोवर धीर धरवत नाही. बायॉप्सी करून टाकावी का? लवकर सांगा.

सुमेधा_क: कुठला मणका? एमआरआय कशासाठी काढला? टी१, टी२ या दोन प्रकारच्या प्रतिमांपुढे काय लिहिलंय? आईंचं वय?

रानवारा: वय ५८. कंबर दुखते म्हणून काढला. एल२, कमरेचा दुसरा मणका. टी१ आणि टी२ दोन्हीपुढे 'हायपरइन्टेन्स' (उजळ) आहे. प्रश्न बायॉप्सीचा आहे हो!

भटका_जीव: काकांना हेच होतं. मणक्यात सिमेंट भरलं, आठवड्यात चालायला लागले. सरळ व्हर्टेब्रोप्लास्टी करा.

सुमेधा_क: काकांचा मणका दबला होता का? ही गाठ शवविच्छेदनात दहातल्या साधारण एकाच्या मणक्यात सापडते. बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसतो. सगळ्यांना सिमेंट भरायचं?

भटका_जीव: त्यांना दुखतंय, तुम्ही टक्केवारी सांगताय.

क्षकिरण: रेडिऑलॉजीत बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. दोन्हीत उजळ म्हणजे गाठीत चरबी भरपूर. असा हिमॅन्जिओमा सहसा निरुपद्रवी. पसरलेला कर्करोग टी१वर बहुधा काळसर दिसतो. शंका राहिलीच तर सीटी: उरलेले उभे अस्थितंतू जाड होतात, म्हणून आडव्या छेदात पांढरे ठिपके दिसतात, एक्स-रेत उभ्या रेघा. चित्र इतकं स्पष्ट असेल तर बायॉप्सी कशाला? रक्तवाहिन्यांचीच गाठ, सुईने रक्तस्राव होऊ शकतो.

अनघा७: कवटीत असेल तर सूर्यकिरणांसारख्या रेषा दिसतात.

सुमेधा_क: कवटीचं कुणी विचारलंय?

मनमोकळा: ड जीवनसत्त्व तपासलंत का? माझी कंबरदुखी त्याच्या गोळ्यांनीच थांबली.

रानवारा: एक राहिलं. उजवा पाय पोटरीपर्यंत मुंग्या येऊन जड पडतो. वयामुळे असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

क्षकिरण: हे आधी सांगायचं होतं! लघवी अडते का? बैठकीची जागा बधिर वाटते का? पाऊल उचलताना लटकं पडतं का? यातलं काहीही असेल तर चार दिवस थांबू नका, आजच इमर्जन्सीत न्या. रिपोर्टमध्ये 'एपिड्युरल' शब्द शोधा. गाठ मणक्याबाहेर येऊन नसा दाबत असेल तर तिथे लिहिलेलं असतं.

रानवारा: तसं काही नाही, आईला विचारलं. 'नो एपिड्युरल एक्स्टेन्शन' आहे. खाली एल४-एल५ डिस्क (मणक्यांमधली चकती) उजव्या बाजूला नसेवर दाबतेय, असंही आहे. ते मी वाचलंच नव्हतं.

क्षकिरण: मग पायाचं दुखणं बहुधा त्या डिस्कचं. फक्त रिपोर्ट नको, फिल्म्सही न्या आणि पहिला प्रश्न पायाचा विचारा.